जनकाबाईची काडी

कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजायला लागली की ज्या शेतातून वाफ निघत असेल त्या शेतात एक बाई हटकून दिसायची. काटकुळी, डोक्याला फडकं गच्च बांधलेलं, आणि तोंडावर असा भाव की समोरच्यानं आत्ताच काहीतरी मूर्खपणा केलाय आणि थोड्या वेळात आणखी करणार आहे. ही जनकाबाई. कुणी वय विचारलं तर म्हणायची, "काहून? सोयरीक आणली का?"

तिचं काम पाहायला गेलं तर एवढंसं. बॉयलरच्या ड्रममध्ये ओली हळद घातली आणि वाफ सोडली, की ती कधी उतरवायची ते सांगायचं. पण त्या एवढ्याशात शेतकऱ्याचं सगळं साल अडकलेलं असतं. कच्ची उतरवली तर वाळल्यावर आत पांढुरकी राहते आणि पॉलिशला टाकली की तुकडे होतात. जास्त शिजली तर लगदा, रंग गेला, व्यापारी हातसुद्धा लावत नाही. बाकीचे घड्याळ बघायचे. जनकाबाईकडं एक पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, काडी होती, दगडावर घासून टोक काढलेली, कायम कमरेला खोचलेली. ती ड्रममधून एक हळकुंड काढायची, काडी टोचायची, नाकाशी धरायची आणि "थांब" नाहीतर "काढ" एवढंच बोलायची. कढयांत शिजवत होते तेव्हापासून तीस वर्षं झाली, एक खेप चुकली नाही. जनकाबाई म्हणली शिजली म्हंजे शिजली, असं गावात सगळे म्हणत.

विहारामागं दोन खोल्यांत राहणारी मजूर बाई, पण हंगामात मोठमोठे जमीनवाले तिला आणायला मोटारसायकल पाठवत. ती मागच्या सीटवर बसून यायची आणि गाडी चालवणाऱ्याला सगळ्या रस्त्यानं सांगत यायची की तुला गाडी चालवता येत न्हाई. खतांचे एजंट, टीव्हीवरचे ज्योतिषी, नवसाला बकरं कापणारे, मोबाईलमध्ये बघून शेती शिकवणारे, सगळ्यांना ती एका मापात मोजायची. एकदा एका एजंटानं तिला 'हळद तज्ज्ञ' म्हटलं तर त्याच्या बॅगेकडं बघून म्हणाली, "तुझ्या बाटलीत काय हाय ते तुला तरी ठावं हाय का?"

सोमेश्वरच्या शेतात यंदा चार एकर हळद होती. सोमेश्वर चाळिशीचा, सरळ माणूस, बाप वारल्यावर शेती त्याच्यावर आलेली. बॉयलर गोपीचंदचा. गोपीचंद आपला बॉयलर ट्रॅक्टरला जोडून या शेतातून त्या शेतात फिरायचा. दिवस मावळून अंधार पडत होता, त्या दिवशीची शेवटची खेप लागलेली, आणि वर बघून एक मजूर ओरडला, "आरं, ते काय येऊन राहिलं?"

औंढ्याच्या अंगानं दिव्यांची माळ येत होती. एकामागं एक, सारख्या अंतरानं, आवाज नाही काही नाही. दहा-बारा तरी असतील. सगळ्यांच्या माना वर. माळ पुढं सरकली, बॉयलरच्या पांढऱ्या वाफेआड गेली आणि वाफ हटली तेव्हा आभाळ रिकामं होतं. बायका 'अगं माय' करत राहिल्या. जनकाबाईनं तेवढंच पाहिलं जेवढं मान वर करून दिसलं, "हं" म्हणाली, हळकुंडात काडी टोचली आणि गोपीचंदला म्हणाली, "आभाळ नंतर बघ. काढ."

तिच्यापुरता विषय तिथं संपला होता. पण वसमतला 'नभोवेध अज्ञात प्रकाश शोध मंडळ' नावाची एक चीज होती ना!

या मंडळाच्या लेटरहेडवर सात नावं होती आणि प्रत्यक्षात हलणारी माणसं दोन. अध्यक्ष रणजीत. हा लग्नाचं शूटिंग करायचा. लग्नसराई नसली की कॅमेरा रिकामा पडायचा, म्हणून त्यानं तो आभाळाकडं वळवला होता. मार्चच्या उन्हात खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून फिरायचा आणि त्या खिशांत काय असायचं? एकात गुटखा, एकात कंगवा. सचिव विजयकुमार, शिकवणी वर्गवाला. त्यानं बिचाऱ्यानं कुठंतरी वाचलेलं होतं की अशी माळ म्हणजे एका झपाट्यात वर सोडलेले उपग्रह असतात. पण ते लिहिलं तर प्रकरण एका ओळीत आटोपतं, मग मंडळानं काय करायचं, हरभरे सोलायचे? त्यानं ते वाचलेलं गिळून टाकलं.

तर ही जोडी कुरुंद्यात आली. होकायंत्र, टेप, आणि एक पेटी, जिचा काटा कुणी खोकललं तरी हलायचा. सोमेश्वरच्या शेतात फिरता फिरता त्यांना जमिनीवर एक डाग सापडला. काळाभोर, गोल, माती भाजून विटेसारखी झालेली. रणजीत गुडघ्यावर बसला. विजयकुमारनं टेप लावला. पेटीचा काटा हलला. दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं की जणू पोरगं झालं.

आता कुरुंद्याच्या कुठल्याही लहान लेकराला विचारा. बॉयलरची भट्टी जिथं लागते तिथली माती अशीच होते. गोपीचंदनं पहिले तीन दिवस बॉयलर तिथं लावला होता, मग ढिगाजवळ सरकवला. दर शेतात असा एक डाग असतो, पुढच्या नांगरटीत जातो. पण विचारायचं कुणाला? शेतात तर नुसती शेतकरी माणसं होती! मंडळानं डागाभोवती चुन्याची गोल रेघ मारली, 'कृपया आत येऊ नये' असा कागद खिळला आणि साक्षीदार शोधायला लागलं.

गावानं अर्थातच जनकाबाईचं नाव सांगितलं.

इथं जरा थांबून सांगायला पाहिजे. तीस वर्षांत जनकाबाई सोमेश्वरच्या शेतात, अंगणात कितीदा आली असेल. बसायची ती जमिनीवर, कडेला. कुणी तिला खाली बस असं म्हटलेलं नव्हतं, आणि वर बस असंही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी रणजीतनं सोमेश्वरच्या घरून लाल प्लास्टिकची खुर्ची मागवली, आंब्याखाली ठेवली आणि म्हणाला, "बसा आजी. तुम्ही आमच्या मुख्य साक्षीदार."

"आजी तुझ्या घरी असंल," जनकाबाई म्हणाली. पण बसली.

कपबशीत चहा आला. रणजीतनं मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला.

"प्रकाश कुठं नाहीसा झाला?"

"वाफेआड गेला."

"म्हणजे याच शेतात?"

"वाफ याच शेतात होती की. आणखी कुठं राहणार?"

"मग खाली आला?"

"न्हाई बा. वाफेआड गेला म्हणलं ना. कान हायत का न्हाईत?"

विजयकुमारनं काहीतरी लिहिलं. रणजीत हसला. लग्नात रुसलेल्या वरमाईला फोटोसाठी उभं करायची कला त्याला येत होती, ती त्यानं इथं लावली. आवाज खाली आणून म्हणाला, "नीट आठवा. आम्ही गावात ऐकलंय, जनकाबाई म्हणतील ते खरं. तुमच्या शब्दाला इथं किंमत आहे. तुम्ही होता म्हणून आम्ही आलो. मला सांगा, खाली उतरल्यासारखं काही दिसलं असेल ना?"

जनकाबाईनं आजूबाजूला बघितलं. सोमेश्वर उभा होता. गोपीचंद उभा होता. गावातली पाच-पंचवीस माणसं उभी होती. बसलेली ती एकटी. जन्मात तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

"उतरला असंल," ती म्हणाली. मग हात लांब करून चुन्याच्या रेघेकडं दाखवलं. "व्हय. तिकडंच उतरला."

सांगायला लाज वाटते, पण असंच झालं. जी बाई हळकुंडाला टोचल्याशिवाय शब्द काढत नव्हती, ती एका कपबशीवर पाघळली.

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. कुरुंद्यात उतरला अज्ञात प्रकाश, प्रत्यक्षदर्शी जनकाबाई! मागं घुमणारं संगीत, चुन्याचं रिंगण, आणि खुर्चीत बसून हात दाखवणारी जनकाबाई. घराघरात तिचा आवाज वाजायला लागला. पहिल्या दिवशी तिलाही बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी शेतात जत्रा भरली. ताडपत्रीवर वाळत घातलेली हळद तुडवत लोक रिंगणाकडं जात होते. कुणी भाजकी माती पुडीत बांधून नेली. कुणी नमस्कार केला. आणि तिसऱ्या दिवशी वारं फिरलं. त्या मातीत काहीतरी हाय म्हणे. त्या शेतातली हळद घरात घेऊ नका म्हणे. दोन बायकांनी लेकराचं निमित्त सांगून कामाला यायचं बंद केलं, आणि चौथ्या दिवशी गोपीचंद बॉयलर ट्रॅक्टरला जोडायला लागला.

सोमेश्वरची निम्मी हळद अजून शिजायची होती. पंचेचाळीस क्विंटल ओला ढीग पाल्याखाली झाकलेला. ओली हळद अशी पडून राहत नाही. आठ दिवस गेले की आतून गरम होते, मग सडते.

"गोप्या, कुठं चालला?" जनकाबाईनं ट्रॅक्टरपुढं उभं राहून विचारलं.

"दुसरीकडं, मावशी."

"अन् हा ढीग?"

गोपीचंदनं खाली बघितलं. "मावशी, या शेतातली हळद ज्या ड्रमात शिजली त्या ड्रमात आपली घालू देणार न्हाई, असं चार गिऱ्हाइकांनी सांगितलं. माझा धंदाच फिरता हाय."

"मेल्या, ती तुझ्याच भट्टीची राख हाय! तुला ठावं न्हाई का?"

"मला ठावं हाय. सगळ्याला ठावं हाय. त्या जाकीटवाल्यानं सांगितलं असतं तर लोक हसले असते, मावशी. पण सांगितलं तुमी."

जनकाबाई ट्रॅक्टरपुढून बाजूला झाली. सोमेश्वर ढिगाजवळ उकिडवा बसला होता. त्यानं पाल्यात हात घातला, आतली ऊब बघितली आणि हात बाहेर काढला. तो रागावला असता तर तिनं त्याला दोन शब्द ऐकवले असते. तो पाला परत सारखा करत बसला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. प्रियदर्शनी नांदेडला दवाखान्यात नर्स होती. "आई, ते उपग्रह असतात गं, एकामागं एक सोडलेले. इथं पण दिसले. पण तू खरंच म्हणलीस का, उतरला म्हणून?"

"मला काम हाय," म्हणून जनकाबाईनं फोन ठेवला. काम काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं वसमतला गेली आणि रणजीतच्या स्टुडिओत शिरली. नवरा-नवरीच्या मोठमोठ्या फोटोंखाली रणजीत बसला होता. "ते खोडून टाक," ती म्हणाली. "मी वाफेआड गेला म्हणले होते. तुमी भलतंच लावलं."

रणजीतनं भांडण केलं नाही. त्यानं मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि वाजवला. *उतरला असंल. व्हय. तिकडंच उतरला.*

"हा तुमचाच आवाज ना?"

आवाज तिचाच होता. पण तिनं आपला असा आवाज कधी ऐकला नव्हता. मऊ, लाडावलेला. असं बोलणाऱ्या बाईला तिनं दारात उभं केलं नसतं. तिला स्वतःची किळस आली, आणि किळस आली की ती दुसऱ्याला शिव्या घालायची, पण आज ती शिवी स्वतःलाच घालावी लागली असती.

"उद्या बाजाराच्या दिवशी कुरुंद्यात ग्रामपंचायतीपुढं कार्यक्रम ठेवलाय," रणजीत म्हणाला. "जाहीर साक्ष. तुमचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. काय बोलायचं ते तिथं बोला."

परतीच्या एसटीत जनकाबाईनं हिशेब लावून पाहिला. तुमी माझ्या तोंडी घातलं, असं म्हणावं, तर गावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये तिचा आवाज होता. मला नीट दिसलं नव्हतं म्हणावं, तर लोक म्हणतील म्हातारी घाबरली. ढीग वाचवायला एकच वाक्य होतं. आणि ते बोललं की तीस वर्षांची तिची एकुलती एक कमाई जाणार होती. मंडळाच्या त्या पोरांना सगळ्या रस्त्यानं शिव्या दिल्या तिनं, मनातल्या मनात, पण शिव्या देऊन दुसरं वाक्य काही सापडलं नाही.

बाजाराच्या दिवशी मांडव गच्च भरला. विजयकुमारनं प्रास्ताविकात विश्वाची उत्पत्ती इथपासून सुरुवात केली आणि अर्धा तास अकलेचे तारे तोडले. रणजीतनं मंडळाच्या पेटीची माहिती दिली. मग जनकाबाईला वर बोलावलं. कापड घातलेली खुर्ची होती. ती बसली नाही. खांद्यावर शाल पडली, हातात माईक आला.

"मी खोटं बोलले," जनकाबाई म्हणाली.

माईक चांगला होता. भाजीवाल्यांपर्यंत ऐकू गेलं.

"दिवे आले अन् वाफेआड गेले. मला तेवढंच दिसलं. उतरलं बितरलं काही न्हाई. मला खुर्ची दिली, चहा दिला, तुझ्या शब्दाला किंमत हाय म्हणले. मी भुलले आन् खोटं बोलले. कुणी दाब दिला न्हाई, धमकी दिली न्हाई. नुसती कपबशी दिली." मग गर्दीत बघून म्हणाली, "ते काळं हाय ती गोप्याची भट्टी हाय. गोप्या, व्हय का न्हाई? तोंड उचकट."

"व्हय," गोपीचंद मागून म्हणाला.

आधी एक हसला, मग सगळा मांडव. भट्टीला टेप लावला, भट्टीला चुना मारला, भट्टीला नमस्कार केला! रणजीत माईक घ्यायला पुढं आला, "आजी भावनेच्या भरात..." असं काहीतरी म्हणू लागला. जनकाबाईनं शाल काढून त्याच्याच खांद्यावर टाकली. "लगनाचीच शूटिंग करत जा, लेका. तिथं निदान नवरा-नवरी खरे असतात." विजयकुमार मानपत्राची गुंडाळी करत बसला. वसमतला जाणारी पुढची जीप मंडळानं जेवणसुद्धा न करता धरली.

लोक हसत तिच्याकडं बघत होते. त्या हसण्यात मंडळ होतं, तशी ती पण होती. तिला ते कळलं. इतकी वर्षं ती ज्या नजरेनं दुनियेकडं बघत आली, ती नजर तिला बराबर ओळखू आली.

दुसऱ्या दिवशी गोपीचंदचा बॉयलर सोमेश्वरच्या शेतात परत आला. ढिगाच्या तळाची थोडी हळद खराब निघाली, ती बाजूला काढली, बाकी शाबूत होती. सोमेश्वरच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रक्त दिसलं. जनकाबाईला आणायला मोटारसायकल आली नाही. कामाच्या गडबडीत राहिलं असेल. ती चालत आली.

पहिली खेप लागली. वाफ सुटली. जनकाबाईनं ड्रममधून हळकुंड काढलं, काडी टोचली, नाकाशी धरलं.

"काढ."

गोपीचंदचा हात ड्रमच्या दाराकडं गेला आणि तिथंच राहिला. त्यानं सोमेश्वरकडं बघितलं. सोमेश्वर दोन पावलं पुढं आला, दुसरं एक हळकुंड उचललं, खिशातून काडेपेटी काढली, तिच्यातली एक काडी त्यात खुपसली. कधी केलेलं नव्हतं, त्यामुळं काडी मोडली. दुसरी घेतली. ती आरपार गेली.

"नुसतं बघितलं, मावशी," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. मग गोपीचंदला म्हणाला, "काढ."

हळद बराबर शिजलेली होती. पुढची खेपही बराबर होती, आणि त्याच्या पुढची. दर खेपेला जनकाबाई "काढ" म्हणायची आणि गोपीचंद थांबायचा, आणि सोमेश्वर काडेपेटी काढायचा. तो तिच्याशी वाईट वागत नव्हता. चहा पाजत होता, सावलीला बसा म्हणत होता. दोन दिवसांत बावीस खेपा झाल्या आणि बावीस वेळा त्याची काडी आरपार गेली.

मग उरलेल्या शेवटच्या खेपेला जनकाबाईनं हळकुंड टोचलं, पण "काढ" म्हटलं नाही. सोमेश्वर काडेपेटी चाचपत पुढं आला तेव्हा तिनं आपली पऱ्हाटीची काडी पुसली आणि त्याच्यापुढं धरली.

"ही घ्या, भाऊ," ती म्हणाली. "काडेपेटीतल्या काड्या मोडतात."